एआरटीच्या गोळ्या मधेच का सुटतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचं, रोज घ्यायचं औषध. मराठवाड्यातल्या एका एआरटी सेंटरवर मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम केलं. तिथे येणारे लोक मला काउन्सेलर मॅडम म्हणायचे. खालचे प्रश्न त्यांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि कधी कधी गावातल्या आशाताईंनी विचारलेले आहेत. शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. देशात एचआयव्हीसह जगणारे २५ लाखांच्या आसपास लोक आहेत. त्यांत सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, ४ लाखांच्या जवळपास. म्हणजे हे वाचणाऱ्याच्या ओळखीत कोणीतरी असणारच, भले त्याने ते सांगितलेलं नसेल.

गोळ्या फुकट मिळतात, रोज एकच घ्यायची असते. तरी लोक सोडतात कशा?

हा प्रश्न बहुतेक वेळा ज्यांना गोळी घ्यावी लागत नाही ते विचारतात. तरी त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

औषध फुकट आहे हे खरं, आणि ते सहज झालेलं नाही. २००० सालापर्यंत परदेशी कंपन्यांच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च १० हजार डॉलरच्या वर होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि जगभरचं गणित बदललं. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यात एआरटी मोफत सुरू झाली. सुरुवातीच्या मोजक्या सेंटरांमध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

पण गोळी फुकट असली तरी तारीख फुकट नसते. आमच्याकडे येणारी एक बाई शेतमजूर होती. तारखेच्या दिवशी पहाटे उठून ती स्वयंपाक करून ठेवायची, पावणेसातची एसटी पकडायची, तालुक्याला उतरून दुसरी गाडी. केसपेपर, वजन, रांग, डॉक्टर, मग माझ्याकडे, मग औषधाच्या खिडकीवर. घरी पोचायला दिवेलागण. त्या दिवसाचा खाडा, दोन्हीकडचं भाडं, वर एक खोटं. दर महिन्याला शेजारणीला काय सांगायचं? दातांसाठी गेले होते, बँकेत काम होतं, मावशीला बघायला गेले होते. ती मला म्हणाली होती, "मॅडम, गोळीचा कंटाळा नाही हो. खोटं बोलायचा कंटाळा आला."

मी जितक्या लोकांशी बोलले, त्यांत निव्वळ विसरल्यामुळे ज्यांच्या गोळ्या कायमच्या सुटल्या असे फार थोडे. विसरणारा माणूस एखादी गोळी चुकवतो. महिनेच्या महिने खंड पडतो तो लपवावं लागतं म्हणून, कामावर जावं लागतं म्हणून, घरातून हाकललं म्हणून, मन मेलं म्हणून. आणि एकदा सुटलं की परत यायची लाज वाटते म्हणून.

मला आता एकदम बरं वाटतंय. वजनही वाढलं. मग गोळी कशाला?

बरं वाटतंय ते गोळीमुळेच. पण नुसतं एवढं सांगून कोणाला पटत नाही, म्हणून आत काय चालतं ते बघू.

एचआयव्ही आपल्या रक्तातल्या सीडी फोर नावाच्या पेशींत शिरतो. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. उपचार नसतील तर विषाणूच्या रोज अब्जावधी नव्या प्रती तयार होतात. गोळीतली औषधं ही प्रती काढायची यंत्रं अडवतात. सध्या बहुतेकांना मिळणाऱ्या एका गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं असतात. ती रक्तात पुरेशी असेपर्यंत नव्या प्रती निघत नाहीत. पण काही पेशींच्या आत विषाणू झोपून राहतो, आणि झोपलेल्याला ही औषधं मारू शकत नाहीत. गोळी थांबली की तो उठतो. साधारण दोन ते चार आठवड्यांत रक्तातला विषाणू पुन्हा मोजता येईल इतका वाढतो. त्या वेळी माणसाला काहीच जाणवत नाही, ताप नाही की अंगदुखी नाही. मग तो म्हणतो, "बघा, सोडल्या तरी काही झालं नाही." त्रास दिसायला काही महिने, कधी वर्षही लागतं. तोपर्यंत राखणदार निम्मे झालेले असतात.

यात आम्हा लोकांचीही एक चूक झाली आहे. २००४ मध्ये रक्तातल्या सीडी फोर पेशींचा आकडा २०० च्या खाली गेल्यावरच गोळ्या सुरू करायचे. पुढे ही रेषा ३५० वर आली, मग ५०० वर, आणि २०१७ पासून आकडा कितीही असो, निदान झालं की गोळ्या. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे, लवकर सुरू केलेलं चांगलंच असतं. पण ज्या माणसाला आपण चार वर्षं "तुमचा सीडी फोर छान आहे, अजून गोळ्या नकोत" असं सांगितलं, त्याला एके दिवशी "आजपासून जन्मभर घ्या" म्हटलं तर त्याच्या मनात शंका येणारच. ती शंका मनात ठेवून गोळ्या घेणारे कितीतरी जण आम्ही पाहिले.

मधे दोन-तीन महिने शरीराला आराम दिला तर?

नाही. हे नीट तपासून पाहिलेलं आहे. 'स्मार्ट' नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ३३ देशांतले ५,४७२ लोक होते. निम्म्यांनी औषध सलग घेतलं, निम्म्यांनी सीडी फोर बघून थांबवत-सुरू करत घेतलं. थांबवणाऱ्यांमध्ये आजारपण आणि मृत्यू इतके जास्त दिसले की २००६ च्या जानेवारीत तो प्रयोग मधेच बंद करावा लागला.

दुसरा धोका म्हणजे औषध निकामी होणं. गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही असं चाललं की रक्तात औषध थोडं असतं आणि विषाणूही असतो. प्रती काढताना विषाणू खूप चुका करतो. त्या चुकांतून एखादी प्रत अशी निघते की तिच्यावर हे औषध चालत नाही. मग तीच वाढते. लॅमिव्हुडिनच्या बाबतीत तर अशी एकच चूक पुरते. डोल्युटेग्राविर जास्त चिवट आहे, सहसा हार मानत नाही, पण म्हणून त्याची परीक्षा बघू नये.

एखादी गोळी राहिली तर काय करायचं?

आठवण झाली की लगेच घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर राहिलेली सोडा आणि पुढची वेळेवर घ्या. दोन गोळ्या एकदम घेऊ नका. एक गोळी चुकली म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही. मात्र आठवड्यात दोनदा-तीनदा चुकत असेल तर सेंटरवर सांगा, कारण त्यामागे काहीतरी आहे, आणि ते बहुतेक वेळा सुटण्यासारखं असतं.

घरात कोणालाच माहीत नाही. गोळ्या कुठे ठेवू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि नेहमी अगदी हळू आवाजात.

सेंटरवरून साधारण ३० गोळ्यांची प्लास्टिकची बाटली मिळते. ती हातात घेतली की खुळखुळ वाजते. ज्यांना लपवायची नसते त्यांना हा आवाज कधी ऐकूही येत नाही. एका सुनेने मला तिची पद्धत दाखवली होती. सेंटरच्या बाहेरच्या नळावर ती बाटली ओली करून वरचा कागद नखाने खरवडून काढायची. झाकणाखाली कापसाचा बोळा दाबून बसवायची, म्हणजे पिशवीत वाजणार नाही. घरी गेल्यावर बाटली तांदळाच्या डब्यात खोल खुपसायची, कारण सासूबाई भाकरीच्या पिठाला हात लावायच्या, तांदूळ सणासुदीलाच निघायचा. मग एकदा पाहुणे आले आणि सासूबाईंनी भाताला म्हणून डबा काढला. तिने धावत जाऊन तो हातातून घेतला. पुढचे नऊ दिवस बाटली गोठ्यात होती आणि तिला गोळीपर्यंत पोचताच आलं नाही. कार्डावर आम्ही लिहिलं, "गोळ्या चुकल्या." एवढंच.

तर आता कामाचं सांगते. गोळ्या दुसऱ्या डबीत काढत असाल तर डबी घट्ट झाकणाची आणि कोरडी हवी. मूळ बाटलीत ओल शोषणारी छोटी पुडी असते, ती सोबत ठेवा. गोठा, न्हाणीघर, चुलीजवळची फळी या जागा औषधाला वाईट. सगळ्या गोळ्या एका ठिकाणी ठेवू नका, चार-पाच दिवसांच्या वेगळ्या ठेवा. आणि वेळ बदलता येते का ते विचारा. सध्याची तीन औषधांची गोळी जेवणाआधी, जेवणानंतर, सकाळी, संध्याकाळी कधीही चालते, फक्त रोज एकाच सुमाराला हवी. रात्री नऊला सगळं घर एका खोलीत असतं. पहाटे पाण्याला जाताना किंवा दुपारी शेतात एकटं असताना घेणं सोपं जातं. कित्येकांना पूर्वी "रात्रीच घ्या" असं सांगितलं होतं, कारण तेव्हाच्या गोळीत इफाविरेन्झ असायचं आणि त्याने गरगरायचं. गोळी बदलली, वेळ मात्र तीच राहिली, कारण बदलता येते हे कोणी सांगितलंच नाही.

आणि घरात एका तरी माणसाला सांगता येईल का, याचा विचार करा. सगळ्यांना सांगायची गरज नाही. बहीण, मोठी मुलगी, एखादी जाऊ, मित्र. सांगायची भीती वाटत असेल तर त्या व्यक्तीला सेंटरवर घेऊन या, समुपदेशक तुमच्यासोबत बसून सांगतात. ज्यांच्या घरात असं एक माणूस होतं, त्यांच्या गोळ्या टिकलेल्या मी पाहिल्या आहेत.

गोळीने त्रास होतो म्हणून सोडली. चुकलं का?

त्रास खरा असतो, तो मनाचा खेळ नसतो. पूर्वी गोळीत स्टॅव्हुडिन नावाचं औषध होतं, तेव्हा लोकांचे गाल बसायचे, हातपाय काडीसारखे व्हायचे, तळपायाला मुंग्या यायच्या. चेहऱ्यावरून गाव ओळखायचं, आणि गोळी सोडायला तेवढं कारण पुरायचं. झिडोव्हुडिनने काहींचं रक्त उतरायचं. इफाविरेन्झने विचित्र स्वप्नं पडायची. ही औषधं आता बहुतेकांना दिली जात नाहीत. पण आठवण राहते, आणि नवीन माणसाला जुना माणूस रांगेत उभं राहून आपलीच आठवण सांगतो.

आताच्या गोळीने काहींची झोप कमी होते, डोकं दुखतं, वजन वाढतं. झोपेचा त्रास असेल तर सकाळी घेऊन बघता येते. टेनोफोविरमुळे क्वचित मूत्रपिंडावर परिणाम होतो म्हणून मधूनमधून रक्ताची तपासणी करतात, ती टाळू नका. त्रास होत असेल तर गोळी न थांबवता सेंटरवर जा. अंगभर पुरळ, डोळे पिवळे होणं किंवा दम लागणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने घर बंद. मग तारखेला कसं यायचं?

दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, परभणी, जालना भागातून टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. पहाटे अंधारात फडात जायचं, गाडी भरेपर्यंत थांबायचं, रात्र काढायची कोपीत. एक दिवस सुट्टी घेतली की खाडा कापला जातो. कोपीत दार नसतं, कुलूप नसतं, शेजारची कोपी हाताच्या अंतरावर. अशा जागी बाटली कुठे ठेवणार आणि तारखेला दीडशे किलोमीटरवर परत कसं येणार?

आमच्या कार्डांवर दर वर्षी नोव्हेंबर ते एप्रिल गळती दिसायची. सलग तीन महिने माणूस आला नाही की त्याची नोंद उपचारातून गळालेल्यांत होते. मला त्या नोंदीचा राग यायचा. माणूस गळालेला नसायचा, तो कुठल्यातरी साखर कारखान्याच्या परिसरात ऊस तोडत असायचा.

निघायच्या आधी सेंटरवर या आणि स्पष्ट सांगा: अमुक तालुक्यात चाललोय, इतके महिने. तब्येत स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर जाल तिथल्या सेंटरवर बदली करून घेता येते, किंवा प्रवासातला रुग्ण म्हणून तिथून गोळ्या घेता येतात. त्यासाठी तुमचं हिरवं पुस्तक, म्हणजे सेंटरने दिलेली उपचाराची नोंदवही, जवळ हवं. ते घरी ठेवून जाऊ नका. बऱ्याच तालुक्यांत ग्रामीण रुग्णालयात लिंक एआरटी सेंटर असतं, तिथेही गोळ्या मिळतात. वीटभट्टी, ट्रकवरची नोकरी, मुंबई-पुण्यातली बांधकामाची कामं, सगळ्यांना हेच लागू.

एसटीत एचआयव्ही असलेल्यांना प्रवासाची सवलत आहे, हे सांगायला हवं. पण खरं तेही सांगते. आपल्याच तालुक्याच्या गाडीत, ओळखीच्या कंडक्टरसमोर ते प्रमाणपत्र काढून दाखवायला छाती लागते. आमच्याकडचे अनेक जण खिशात प्रमाणपत्र असूनही पूर्ण तिकीट काढायचे. संजय गांधी निराधार योजनेचंही तसंच. पैसे मिळतात, पण अर्ज गावातून जातो.

खंड पडला की सेंटरवर बोलणी खावी लागतात. म्हणून जावंसं वाटत नाही.

याचं उत्तर देताना मला माझंच एक वागणं सांगावं लागेल. पाच महिन्यांनी परत आलेल्या एका माणसाला मी रांगेतल्या सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं होतं, "इतके दिवस कुठं होता? जगायचं नाही का तुम्हाला?" त्या दिवशी दीडशे लोक होते, मी सकाळपासून बोलत होते, पण ते कारण होत नाही. तो काही बोलला नाही. गोळ्या घेऊन गेला आणि पुन्हा आला नाही. आमची फील्डवरची ताई दोनदा त्याच्या घरी जाऊन आली. दाराला कुलूप होतं. मी विचारलं असतं तर कदाचित त्याने सांगितलं असतं की तो कुठे होता.

रागावल्याने गोळ्या वाढत नाहीत, खोटं वाढतं. आम्ही बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजतो हे लोकांना माहीत असतं. म्हणून काही जण येताना जास्तीच्या गोळ्या रस्त्यात फेकून येतात, म्हणजे हिशोब बरोबर लागतो. आम्ही कार्डावर शंभर टक्के लिहितो आणि आत विषाणू वाढत असतो. नंतर मी प्रश्न बदलला. "सगळ्या घेतल्या ना?" असं विचारणं बंद केलं. "गेल्या आठवड्यात कुठल्या दिवशी गोळी घेणं जमलं नाही?" असं विचारायला लागले. उत्तरं एकदम वेगळी यायला लागली.

सेंटरवर कोणी अपमान केला तर वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला, किंवा १०९७ या मोफत हेल्पलाइनवर सांगा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार, नोकरी, शिक्षण यांत भेदभाव करायला त्यात बंदी आहे, आणि तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती इतरांना सांगायलाही.

व्हायरल लोड "सापडत नाही" असा आला. म्हणजे बरा झालो?

बरे झालात असं नाही, पण ही फार मोठी गोष्ट आहे. रक्तातला विषाणू इतका कमी झाला की यंत्राला मोजता येत नाही. झोपलेला विषाणू मात्र आत आहे, म्हणून गोळी चालू.

पण याचा दुसरा अर्थ फार कमी लोकांपर्यंत पोचला आहे. ज्याचा विषाणू असा दबलेला राहतो, त्याच्याकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. २०११ मध्ये निकाल आलेल्या एका मोठ्या अभ्यासात लवकर सुरू केलेल्या उपचाराने जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. त्या अभ्यासाचं एक केंद्र पुण्यात होतं. पुढच्या युरोपातल्या अभ्यासांत तर विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. मी हे जोडप्यांना सांगायचे तेव्हा काही जण रडायचे. आपण दुसऱ्याला धोका आहोत हे ओझं घेऊन ते वर्षानुवर्षं जगलेले असायचे. भीती घालून गोळी जितकी टिकते त्याहून या एका माहितीने जास्त टिकते, असा माझा अनुभव आहे. तपासणी सुरुवातीला सहा महिन्यांनी, मग वर्ष झाल्यावर, पुढे वर्षातून एकदा असते. ती मागून घ्या, आणि आकडा काय आला ते विचारा.

आणि लोड जास्त आला तर?

लोड, म्हणजे एका मिलीलीटर रक्तातल्या विषाणूच्या प्रती, १,००० च्या वर आला तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी काही महिने समुपदेशन करून, गोळ्या नीट सुरू करून पुन्हा तपासतात. बऱ्याच जणांचा तेवढ्यानेच खाली येतो. नाहीच आला तर पुढच्या टप्प्याची औषधं आहेत, तीही सरकारी सेंटरवर मोफत मिळतात.

उपास, रोजे, वारी. गोळी चालते का?

चालते. ही गोळी रिकाम्या पोटीही घेता येते. एकादशीला, नवरात्रात घोटभर पाण्याबरोबर घ्या. रमजानमध्ये सहरला किंवा इफ्तारनंतर घ्या, दिवसातून एकच असल्याने बसते. वारीला जाताना पालखीचे दिवस मोजून वर आठवडाभराच्या जास्त गोळ्या घ्या, आणि पावसाचे दिवस असतात म्हणून डबी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा.

दारू प्यायल्यावर गोळी घेऊ नये ना?

घ्यायची. "दारू पिऊन गोळी घ्यायची नाही" हे कोणीतरी सांगितलेलं असतं, आणि माणूस दारू सोडत नाही, गोळी सोडतो. दारू कमी करा, सोडता आली तर उत्तमच, त्यासाठी मदत मागा. पण ज्या दिवशी प्याल त्या दिवशीही गोळी घ्या.

गोळी बघितली की सगळं आठवतं. हातात घ्यावीशीच वाटत नाही.

हे बोलायला धीर लागतो. नवरा गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं, माहेरी भाऊ-भावजयीच्या घरात एका कोपऱ्यात राहते अशी बाई रोज रात्री ती गोळी हातात घेते तेव्हा तिच्यासाठी ती नुसतं औषध नसते. काही जण वर्षानुवर्षं नीट घेऊन एके दिवशी थांबतात, कारण थकलेले असतात. झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो वेगळा आजार आहे आणि त्यालाही औषध आहे. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. बऱ्याच जिल्ह्यांत पॉझिटिव्ह लोकांचे स्वतःचे गट आहेत. तिथे जाऊन नुसतं बसलं तरी फरक पडतो, कारण तिथे लपवायचं काही नसतं.

मुलाला आम्ही "ताकदीची गोळी" म्हणून देतो. आता तो चौदाचा झाला, घ्यायला नकार देतो.

चौदा वर्षांच्या मुलाला ताकदीची गोळी नको असते, त्याला स्वतःला ताकद आहे असं वाटत असतं. आणि बहुतेक मुलांना तोपर्यंत अंदाज आलेला असतो. मोबाइलवर गोळीचं नाव शोधलेलं असतं. आईबाप नसतात, आजी सांभाळत असते, आणि तिला सांगायचं कसं कळत नाही. सहा-सात वर्षांपासून थोडं थोडं, आणि दहा-बारापर्यंत आजाराचं नाव सांगून टाकणं बरं. आता उशीर झाला असेल तरी सांगा, एकट्याने नको, समुपदेशकाला बरोबर घ्या. पहिले काही दिवस तो चिडेल. त्याला लग्नाबद्दल विचारायचं असेल. सांगा की होतं. मुलंही होतात, आणि उपचार नीट असले तर निरोगी होतात.

वैद्य म्हणतात काढ्याने मुळापासून जातं. घेऊ का?

जात नाही. एड्स बरा करतो असा दावा औषधावर करायला आपल्या औषध नियमांतच मनाई आहे, अनुसूची 'जे'मधल्या यादीत एड्सचं नाव आहे. काढ्यासाठी एआरटी सोडून दागिने मोडलेली माणसं मी पाहिली आहेत. कोणताही काढा, चूर्ण घेत असाल तर सेंटरवर सांगा.

टीबीच्या किंवा रक्तवाढीच्या गोळ्या चालू आहेत. दोन्ही एकत्र चालतात?

चालतात, पण सांगून. टीबीच्या रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविर शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून तेवढे महिने त्याची एक जादा गोळी बारा तासांच्या अंतराने देतात. लोह, कॅल्शियम किंवा पित्ताच्या औषधाने ते नीट शोषलं जात नाही, म्हणून एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. गरोदर बायकांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण लोह-कॅल्शियम त्यांना रोजच असतं. बाळंतपणाला माहेरी जाताना दोन्ही गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्या.

सेंटरवरच गोळ्या नसतील तर?

असं झालेलं आहे. २०२२ मध्ये देशात औषधांचा तुटवडा पडला, कुठे महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या हातावर ठेवल्या. त्या जुलैत पॉझिटिव्ह लोकांनी दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यालयात ठिय्या दिला, तो महिनाभराहून जास्त चालला. ज्यांच्यावर आपण गोळ्या सोडल्याचा ठपका ठेवतो तेच लोक गोळ्यांसाठी तिथे बसले होते. तुमच्या सेंटरवर असं झालं तर रिकाम्या हाताने परतू नका. जवळच्या कुठल्या सेंटरवर साठा आहे ते विचारा, १०९७ वर कळवा, आणि घरी नेहमी आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक राहतील अशा बेताने तारखेच्या आधीच या.

वर्ष झालं, गोळ्या बंद आहेत. आता परत यायला तोंड नाही.

या. पहिल्या दिवशी वजन घेतील, खोकला-ताप आहे का विचारतील, टीबीची तपासणी करतील, सीडी फोर काढतील. तो ३५० च्या खाली असेल तर इतर संसर्ग होऊ नयेत म्हणून आणखी एक गोळी देतील. मग एआरटी पुन्हा सुरू होईल. खोकला, सतत ताप किंवा खूप डोकेदुखी असेल तर घरी उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका, आधी दाखवा.

रांगेत उभं राहायचं नसेल तर दुपारी गर्दी ओसरल्यावर या. एकट्याने येववत नसेल तर फील्डवरच्या ताईला फोन करा, ती स्टँडवर घ्यायला येते. काय झालं होतं ते सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही वाटलं तरी गोळ्या मिळतील. हिरवं पुस्तक हरवलं असेल तरी या. नाव सांगितलं की तुमचा नंबर सापडतो.